दगडावरचा शिष्य

आशानांना, म्हणजे आमच्या वादनगुरूंना, आजारपणानंतर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माधवीअम्मा त्यांना भाताचे घास भरवत होत्या. चेंडा हा ढोल वाजवून अख्खी जत्रा डोक्यावर घेणारा हा माणूस मुकाट्यानं आ करून बसला होता. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि उजवा हात लुळा पडला. डावा धडधाकट होता, पण आमच्याकडे डाव्या हातानं जेवणं म्हणजे पानाचा अपमान. म्हणून बायको भरवते, आणि घरादाराला त्याचं कौतुक. माझं मात्र डोकंच फिरलं. फिजिओथेरपीत माझे केस पिकले. असे लाडानं वाया गेलेले हात मी ढिगानं पाहिलेत.

"अम्मा, हा हात तुम्ही मारताय," मी म्हणाले.

"मी?" त्यांनी वाडगा आपटला. "शैलजे, तुझ्या जिभेला काही हाड?"

"बोलू दे तिला," आशान म्हणाले. "सगळे गोड बोलून बोलून मला किटवतायत."

मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. "डोक्यात अब्जावधी पेशी आहेत, आशान. प्रत्येकीला एक लांब शेपूट. एक जागी झाली की तिची झिणझिणी शेपटाच्या टोकापर्यंत धावते. तिथं कणभर रसायन सांडतं आणि पुढची जागी होते. तुम्ही ठोका टाकलात की मागची रांग उचलते ना, तसं. 'बोट उचल' हा निरोप असाच हातापर्यंत येतो."

"आणि माझी रांग?"

"पुढचे काही वादक गेले. ते परत येणार नाहीत, खोटं कशाला सांगू? पण शेजारचे आहेत. त्यांना तुमचा ठोका शिकवता येतो. मात्र कामच दिलं नाही, तर ते कशाला शिकतील?"

आशान हाताकडे बघत म्हणाले, "नातीचं चोरूण दोन महिन्यांवर आलंय. पहिला भात आजोबानं भरवायचा, ही आमच्या घरची रीत. सगळ्यांनी परस्पर वासूला सांगून टाकलंय." चोरूण म्हणजे बाळाचं उष्टावण, आणि वासू म्हणजे माधवीअम्मांचा भाऊ.

मी रबरी चेंडू दिला, तो त्यांनी फणसाखाली भिरकावला. चेंडा समोर ठेवला, तर तोंड फिरवलं. "असला मेलेला हात वाद्याला लावू? इतका माज नाही आला मला."

तेवढ्यात अंगणातला दगड मला दिसला. त्यावर ठोकून ठोकून मधे खळगा पडला होता.

"आशान, नवा शिष्य आला की पहिल्या दिवशी चेंडा देता?"

"वेडी का काय! आधी चिंचेचा दांडू आणि दगड. मनगट तयार झाल्याशिवाय कातड्याला हात नाही."

"मग तुमचा उजवा हात आजच दाखल झालाय असं समजा."

त्यांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. "माधवी, दांडू आण."

दांडू हातात राहीना, म्हणून पंच्यानं बांधला. डावा हात दुसऱ्या पंच्यानं कमरेला जखडला. पहिले कित्येक दिवस खांदाच हलायचा आणि दांडू दगडावरून नुसता घसरायचा. ते स्वतःलाच शिष्यासारखे शिव्या घालायचे, "गाढवा, मनगट! मनगट!" मी पोट धरून हसायचे. जेवतानाही डावा बांधलेलाच. अर्धा भात मांडीवर सांडायचा, आणि माधवीअम्मा पदर डोळ्यांना लावून आत निघून जायच्या. त्यांना मी बाहेर येऊ द्यायचे नाही. दुष्ट बाई म्हणून गल्लीत माझं नाव झालं. होऊ दे.

एका सकाळी दगडावर स्पष्ट ठोका पडला. मग थांबून दुसरा. माधवीअम्मा चुलीपुढून धावत आल्या.

चोरूणला देवळाच्या मंडपात ही गर्दी. छोटी अनघा सोनेरी काठाचं पांढरं मुंडू नेसून आशानांच्या मांडीवर. वासू शेजारी तयारीतच बसलेला. आशानांनी केळीच्या पानावरून चिमूटभर भात उचलला. हात निघाला आणि अर्ध्या वाटेत थरथरू लागला. शितं गळायला लागली. कोणीतरी "अय्यो" म्हणालं. वासूनं चटकन त्यांच्या मनगटाखाली हात घातला.

माधवीअम्मांनी वासूच्या हातावर फाडकन चापट मारली.

"काढ हात! त्यांना वेळ लागतो. आपल्याला कुठं जायचंय?"

आशानांचा हात हलला, थांबला, पुन्हा निघाला. आधी गालाला भात लागला, मग नाकाला. शेवटी एक शीत ओठांवर टेकलं आणि अनघानं ते जिभेनं आत ओढलं. मग तिनंही मूठ पानात खुपसली, भात उचलला, तोंडाकडे नेला आणि थेट स्वतःच्या कानात घातला.

आशान रडत रडतच हसले. "माधवी, बघ," ते म्हणाले, "दगडावर आणखी एक शिष्य आला."