निळ्या कागदावरचा हात

माझ्या तोंडाला कात्रीपेक्षा जास्त धार आहे, असं घरात सगळेच म्हणतात. असेल. वीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, मापाची सवय कापडापुरतीच राहिली. पण त्या रविवारी माझी बोलती बंद झाली, आणि ती केली माझ्या धाकट्या जावेनं, जिच्या तोंडून दिवसाकाठी दहा शब्दही निघत नाहीत.

धाकटी चित्रं काढते. कुठे, तर माझ्या कपडे बेतायच्या खाकी कागदांच्या पाठीवर! तीन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या वाचनालयानं आसपासच्या लोकांची चित्रं भिंतीवर लावली, तेव्हा हिनं एक नेऊन दिलं आणि लोक यायच्या आत काढून परत आणलं. का, तर हसतील. यंदा पुन्हा नाव दिलं आणि मला म्हणाली, "ताई, या वेळी पाय मागे घेतला ना, तर रंग, ब्रश, सगळं भंगारात. पुन्हा हातात धरणार नाही." कमी बोलणारी माणसं बोलतात तसं करतात. मला धास्तीच वाटली.

यंदा तिला चित्र कापडाच्या जाळीतून शाईनं छापायचं होतं. सगळी जमवाजमव घरातच झाली. आमचे सासरे सुतार. डोळे जवळजवळ गेलेत, तरी जुन्या खिडकीच्या लाकडाची चौकट त्यांनी चाचपून चाचपून अचूक काटकोनात बसवली. कुणा नवरीच्या झग्यातून उरलेला झिरझिरीत ऑर्गंझा, जाळीसारखं कापड, मी चौकटीवर ताणून ठोकला. शाई ओढायला फरशीच्या वायपरची रबरी पट्टी काढली. त्या दिवसापासून माझ्या नवऱ्यानं फरशी पुसणं सोडलं, त्याला निमित्तच हवं होतं.

चित्र होतं सासऱ्यांच्याच हाताचं, रंधा धरलेल्या. पेन्सिलीनं काढलेलं तिनं आधी त्यांना दाखवलं. त्यांनी कागद उलटा धरला आणि म्हणाले, "छान. फारच छान." तिनं तो अलगद त्यांच्या हातातून काढून घेतला.

शनिवारी तिनं ताणलेल्या कापडावर ब्रशनं गोंद लावला. गोंद सुकला की तिथली भोकं बुजतात आणि शाई फक्त मोकळ्या जागेतून खाली उतरते, एवढी साधी गोष्ट. रविवारी दुपारी तीनला तिनं टेबलावर पांढरा कागद अंथरला, वर चौकट ठेवली, निळी शाई ओतली आणि पट्टी धरून तशीच उभी राहिली. पाचला चित्र भिंतीवर लागायला हवं होतं.

"ओढ गं. कागद काही चावत नाही," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटून पट्टी ओढली. चौकट उचलली. कागद निळाच निळा! रेषा मोकळ्या ठेवायच्या सोडून बाईसाहेबांनी रेषांवरच गोंद फिरवला होता. जे छापायचं तेच कोरं राहिलं आणि बाकी सगळं रंगलं.

"उलटं झालं," म्हणत ती मटकन खाली बसली. नवा गोंद सुकायला रात्र जाते. "मी नाही जात, ताई. संपलं."

मी चांगलं खरमरीत बोलणार होते. पण कागदाकडे नजर गेली आणि तिथंच खिळली. गडद निळ्यातून एक पांढरा हात वर येत होता. शिरा, बोटांच्या गाठी, ब्रशचा एकेक फराटा, माझ्या ऑर्गंझाची वीणसुद्धा. रोज माझ्याकडून चहाचा कप घेणारा हात हाच, आणि मी तो कधी पाहिलाच नव्हता.

तेवढ्यात सासरे भिंतीला धरत आले. "झालं का गं?" मी गडबडीत कागद त्यांच्या हाती दिला, तोही उलटा. ते खिडकीपाशी गेले. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग हळूच फिरवून सुलट केला.

धाकटी उठून उभी राहिली.

"हा रंधा," ते म्हणाले. "हा माझा हात. हे करवतीनं नेलेलं पेर. किती दिवसांनी काहीतरी दिसलं मला!" मग जरा ओशाळून म्हणाले, "आधीची चित्रं नव्हती गं दिसत. तुझं मन मोडू नये म्हणून छान म्हणायचो."

"ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. डोळे पुसायला गेली आणि गालाला शाई लावून घेतली.

चित्र तिनंच नेलं. मला हातही लावू दिला नाही. पाच वाजता भिंतीसमोर पंधरावीस माणसं जमली होती आणि एकेक जण निळ्या कागदापुढे येऊन थबकत होता. एक म्हातारे गृहस्थ तर चष्मा पुसून परत आले. ग्रंथपाल बाईंनी मोठ्यानं विचारलं, "हे कुणी केलंय?"

धाकटी माझ्या मागे होती, दार तिच्या मागे. "आमच्या हिनं!" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले. आयुष्यात पहिल्यांदा मी ते गिळले.

मग माझ्या खांद्यावरून एक हात वर गेला. मनगटापर्यंत निळा.

"मी," ती म्हणाली, आणि हात खाली घेतला नाही.