चार रंगांचा हुदहुद

माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर हुदहुद छापायचं माझ्या भावाने, कडूबाने, परस्पर ठरवून टाकलं. भाऊ भोकरदनला शाळेत चित्रकला शिकवायचा आणि सुट्टीत ती घरच्यांवर काढायचा.

"उकिरड्यावरचं पाखरू पत्रिकेवर?" माय म्हणाली. "गणपती पळून गेला का?"

"गणपती आतल्या मजकुरावर हाय. प्रेसवाल्यानं फुकटात टाकला."

हे १९९४ साल. भाऊने औरंगाबादहून लिनो आणला होता. चपलेच्या तळासारखा जाड, मऊ तुकडा. त्यावर पक्षी कोरायचा, रोलरने शाई लावायची, कागद ठेवून वाटीच्या बुडाने घासायचं. रंग चार, पिवळा, केशरी, तपकिरी, काळा, पण लिनोचा तुकडा एकच. सगळ्या कागदांवर पिवळा छापून झाला, की जिथे पिवळंच राहायला हवं तेवढा भाग लिनोतून कोरून फेकायचा आणि उरलेल्यावर केशरी लावायचा. असं करत शेवटी फक्त तुऱ्याची टोकं, पंखांवरचे पट्टे, चोच आणि डोळा उरतो. तो काळा. मागचा रंग पुन्हा छापता येत नाही, म्हणून कागद किती ते आधीच सांगावं लागतं.

भाऊने हे आमच्या वडिलांना, आबांना, नीट समजावलं. आबांनी मान डोलावली. "शंभर बस झाल्या. राजूरच्या गणपतीची धरून."

पिवळे कागद अंगणातल्या दोरीवर वाळत पडले आणि आबांना सिल्लोडचा साडू आठवला. पिवळा तर कोरून गेला होता. साडूचा पक्षी केशरीपासून सुरू झाला. केशरी वाळल्यावर सोसायटीचे चेअरमन आठवले. त्यांच्या वाट्याला तपकिरी आणि काळा.

माय दोरीकडे बघत राहिली. "यानं तं कोण कव्हा आठवलं ते समद्या गावाला कळंल."

"नवी फॅशन हाय म्हणून सांगू," आबा म्हणाले.

राहता राहिले भुजंगनाना. आबांचे धाकटे भाऊ, घर शेजारीच, मधे कमरेएवढी भिंत. पोळ्याला कोणाचे बैल आधी तोरणाखालून जाणार यावरून दोघांचं बोलणं बंद पडलं. पुढे दोघांनीही बैल विकले, अबोला तेवढा सांभाळला. मला सायकल शिकवताना नाना सीट धरून पार राजूरच्या रस्त्यापर्यंत पळाले होते. मला ते लग्नात हवे होते. फार हवे होते.

"नाना न्हाई आले तं मी बोहल्यावर उभी राहणार न्हाई," मी मायला सांगितलं.

"मंग बसून लाव लग्न," माय म्हणाली आणि पदराने नाक पुसलं.

पिवळ्याच्या वेळी मी आबांकडे नानांचा विषय काढला. केशरीच्या वेळी काढला. तपकिरीच्या वेळी काढला. दर वेळी त्यांना ट्रॅक्टरचं ऑइल बघायला जायचं असायचं. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

काळ्याच्या दिवशी भाऊ शेवटचे कागद घासत होता. आबा आले. गठ्ठ्यातला एक कोरा कागद उचलून त्यांनी त्याच्यापुढे ठेवला.

"भुजंगाची."

"आबा, आता निस्ता काळाच हाय."

"छाप."

पांढऱ्या कागदावर चार ठिपके, काही पट्टे, एक चोच, एक डोळा. हा हुदहुद आहे हे आधीच ठाऊक असेल तरच दिसावं. "वाळू तं द्या," भाऊ ओरडला, तोवर आबा पत्रिका घेऊन उंबऱ्याबाहेर होते. मी कुंकू आणि अक्षतांचं ताट घेऊन मागे धावले.

नाना ओसरीवर बसले होते. त्यांनी पत्रिका घेतली, उलटसुलट पाहिली.

"चेअरमनच्या पत्रिकेवर तपकिरी हाय."

"तुला काय ठाव?"

"भितीवरून दिसतंय की, ऐकू बी येतंय. पिवळा झाला, केशरी झाला. रोज सकाळी पाहून राह्यल्तो. म्हणलं, त्यात एखादा कागद माहा असंल."

आत नानांची बायको, सगुणाकाकू, चुलीत नसलेलं लाकूड सारत राहिली. आबा नानांच्या शेजारी जमिनीवरच बसले.

"रंग व्हते तव्हा मह्या तोंडातून तुहं नाव निघालं न्हाई, भुजंगा. चुकलं माहं. आता त्या लिनोत एवढंच राह्यलंय. ते घेऊन आलो."

दोन्ही हातांनी नानांनी ती पत्रिका छातीशी घट्ट धरली.

"नाना, शाई ओली हाय," मी म्हणाले.

"असू दे, बेबी."

लग्नाच्या दिवशी मांडवात सगळ्यांच्या आधी नाना येऊन बसले. पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर छातीवर, काळे ठिपके, पट्टे, चोच आणि डोळा, सगळं उलट्या बाजूने उमटलेलं. साडू आणि चेअरमन आपापल्या पत्रिका काढून तिकडे बघत होते.

मला हळद-कुंकू लावता लावता सगुणाकाकू वैतागून म्हणाली, "नवा सदरा शिवून ठेवल्ता, तं हात लावंना. म्हणलं हाच रॉकेल लावून धुते, तं मह्यावरच धावून आले."