डार्विनात हजारो

चूक लिंडसेचीच होती. कापणीनंतर धसकटं पेटवायची तर आधी प्रत्येक वाळक्या झाडाच्या बुडातला काडीकचरा ओढून घ्यायचा, हे कॅस्टरटनकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दूर उत्तरेतल्या डार्विन शहरातून बायकोचा भाऊ आलेला, त्याच्यापुढे शेखी मिरवायची घाई. एका झाडाची मागची बाजू राहून गेली, आणि नेमकं तेच झाड काकाकुव्याचं निघालं.

दुपारी त्या वठलेल्या निलगिरीच्या शेंड्यातून धूर येऊ लागला. वर ढोलीत लाल शेपटीच्या काळ्या काकाकुव्याचं पिल्लू होतं. हा पक्षी अंडं घालतो तेही एकच. लिंडसेने गाडीवरची पाण्याची टाकी बुडाशी रिकामी केली, तरी गाभा आतून धुमसतच राहिला.

“सोड रे,” मेव्हणा बेव्हन म्हणाला. “आमच्याकडे हे हजारोंनी आहेत. शाळेच्या मैदानावर कावळ्यांसारखे उतरतात.”

“ते तुमचे. यांची चोच लहान, यांना आपल्या रानातल्या निलगिरीचीच बोंडं लागतात. दोन राज्यांच्या सीमेवरच्या या पट्ट्याबाहेर हे कुठे सापडायचे नाहीत.”

“पण जात एकच ना? पुस्तकात नाव एकच आहे.”

“पोटजात वेगळी.”

“पोटजात म्हणे!” बेव्हन हसला. “एक गेलं तर काय आभाळ कोसळतंय?”

लिंडसेचं डोकंच फिरलं. “डार्विनात पुरुषही हजारोंनी असतील! मग मी मेलो की त्यातला एक ग्लेनिसला पाठवून दे. जात एकच!”

बहिणीचं नाव निघालं तसं बेव्हनचं हसू मावळलं. छपराच्या कामाची लांब शिडी गाडीवर होती, ती त्याने काढली आणि खोडाला लावली.

“अरे, झाड पडेल!”

“मग शिडी नीट धर की लेका!”

खोकत, शिव्या घालत तो उतरला, तेव्हा अंगठ्यातून रक्त येत होतं आणि शर्टात पिल्लू फुत्कारत होतं. दोघांनी पाण्याचं रिकामं पिंप कापलं, तळाशी भुसा घातला, पिल्लू आत ठेवलं आणि पिंप शेजारच्या हिरव्या झाडावर उंच बांधलं. थोड्याच वेळात जुनं झाड कडाडून पडलं.

संध्याकाळी पिल्लाची आई आली. झाड होतं तिथे हवेतच घिरट्या घालत राहिली, मग पडलेल्या खोडावर उतरून ढोलीत डोकावली. लिंडसेला ते बघवेना. आपल्या हाताने एक घर जाळलं, असं त्याला वाटत होतं. पिंपात पिल्लू गप्प होतं.

फोन वाजला. ग्लेनिसचा होता. बेव्हनने उचलला.

“जेवायला येताय की नाही? मटण गार झालं!”

“थांब गं जरा. आपलं पिल्लू अजून जेवलेलं नाही.”

तेवढ्यात पिंपातून कण्हल्यासारखा आवाज आला. मादी उडाली. पिंपाच्या काठावर क्षणभर नुसतीच बसली, मग तिने डोकं आत घातलं.

“बेव्हन? अरे, कुणाचं पिल्लू?” ग्लेनिस विचारत राहिली. बेव्हनने फोन कानापासून दूर धरला होता; दोघंही पिंपाकडेच बघत होते.