देसोलिनाची संथ चाल

"वाका! बोलायचं न्हाई म्हणून किती डाव सांगू?" बांधावरून काठी नाचवत गाऊदेंझिओ मुकादम खेकसला.

इटलीतल्या वेर्चेल्लीच्या भातखाचरांत रोज बारा तास बेणणीला वाकणाऱ्या चाळीस बायकांना बोलायची बंदी होती, गायची मात्र मुभा. गाण्याच्या ठेक्यावर हात चालतात, हे त्या मेल्याला पक्कं ठाऊक. म्हणून तर दर जूनला पहिला सांगावा देसोलिनाला जायचा. तिनं झपझप चाल धरली की चाळीस जणी झपझप तण उपटायच्या. त्या गळ्यावर तिची दोन लेकरं जेवायची. आणि आपण आपल्याच बायांना बैलांसारखं हाकतोय, हे तिला रोज डाचायचं.

आज सातव्या महिन्यातली इनेस मटकन चिखलात बसली.

"काढा तिला भाईर! नाव कापलं तिचं!" मुकादम म्हणाला. म्हणजे हंगामभराच्या मजुरीचा तांदूळ बुडाला.

"अवो, घटकाभर बांधावर बसू द्या. तिची रांग आम्ही वाटून घेतो," देसोलिना म्हणाली.

"तुला बोलाया ठेवलीय व्हय? गा!"

देसोलिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाते की," ती म्हणाली, आणि मयताला म्हणावी तशी संथ चाल तिनं लावली.

"पोट घेऊन वाकली इनेस, पाणी म्हणे बस गं बाई,
मुकादमाला जन्म द्याया माय वाकली न्हवती काई?"

चाळीस गळ्यांनी ओळ उचलली. एका ओळीला एक तण, तेही सावकाश.

"उरका की गं! दुपारी मालक येणार हाय!"

"चालच तशी हाय, मुकादम. आम्ही काय करावं?" पलीकडून म्हातारी आर्जिया म्हणाली.

"देसोलिना, फुडल्या साली तुला बोलावत न्हाई, बघ!"

पोरांची तोंडं तिच्या डोळ्यांपुढं आली. पण चाल काही तिनं वाढवली नाही.

ऊन डोक्यावर आलं तरी निम्मं खाचर तसंच. सडकेवर मालकाची घोडागाडी दिसली, तसा मुकादमाचा चेहरा पडला.

"बसवा तिला बांधावर! नाव ऱ्हाऊ दे तिचं. आता तरी जोरात म्हणा, बायांनो!"

दोघींनी इनेसला धरून बांधावर बसवलं. देसोलिनानं चिखलाच्या हातानं घाम पुसला.

"तिचं झालं, मुकादम. आता आमच्या बारा तासांचं ऐका. आठ करा."

आणि तीच चाल, आणखी संथ, तिनं पुन्हा धरली.