वरच्या खोलीची घरपट्टी

आजेसासऱ्यांनी जागा घेतली, सासऱ्यांनी तळमजला बांधला, आमच्या यजमानांनी जिना चढवला. आणि माझ्या लेकाच्या वाट्याला दुप्पट घरपट्टी आली.

जिना उघड्या गच्चीवर संपतो. वरची खोली बांधायची राहिली आणि यजमान गेले. तरी घराच्या बोलण्यात ती खोली होतीच. चष्मा सापडेना, की तो वरच्या खोलीत. नकोसा पाहुणा दाराशी आला, की घरधनी वरच्या खोलीत. भर दुपारी पालिकेचा मोजणीदार आला, तेव्हा सूनबाईने सवयीने तेच सांगितले, "हे वरच्या खोलीत झोपलेत." त्या भल्या माणसाने जिन्याकडे पाहिले, मान डोलावली आणि कागदावर एक मजला चढवला.

"आई, मी हरकत घेतलीय," लेक म्हणाला. "ती फेटाळली, तर पुढच्या दोन खोल्या भाड्याने द्याव्या लागतील. घर तुझ्या नावावर आहे, म्हणून तुलाच बोलावलंय. साहेबांना एवढंच सांग, वर काही नाही."

"एवढंच ना? चल."

सुनावणीच्या दालनात पंखा पेंगत फिरत होता. साहेब वयाने लहान, पण अदबीचे.

"आजी, वर काय आहे?"

'काही नाही' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थबकले. डोळ्यांपुढे एक पडदा हलकेच हलला.

"पश्चिमेला खिडकी आहे," मी म्हणाले. "चांगली रुंद. शेजारी पुस्तकांचं फडताळ. संध्याकाळचं ऊन सरकत सरकत पलंगापर्यंत येतं."

लेकाने कपाळाला हात लावला. "आई, अगं काय बोलतेस! साहेब, तिचं मनावर घेऊ नका."

"का घेऊ नये? मी काय भ्रमिष्ट झालेय?"

साहेब हसू दाबत म्हणाले, "आई म्हणते 'आहे', मुलगा म्हणतो 'नाही'. मला येऊन बघावंच लागेल."

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात ते आले. मी काठी घेतली आणि जिना चढू लागले. गुडघ्यांनी कुरकुर केली. तिकडे मी लक्ष दिले नाही. यजमान रोज संध्याकाळी वर जात आणि हाक मारत, "अगं, वर ये, खोली दाखवतो!" मी खालूनच म्हणे, "आधी छप्पर घाला, मग येते." मग ते हसत आणि वरूनच मोठ्याने खोलीचे वर्णन करीत. मी कामात असे. पण शब्द न् शब्द ऐकत असे. मी वर मात्र एकदाही गेले नाही.

वर पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी आणि चहूबाजूंना आभाळ. साहेब सरळ टाकीकडे निघाले.

"तिथे भिंत आहे," मी म्हणाले.

ते थांबले. वळसा घालून ते मी काठीने दाखवलेल्या जागी गेले आणि दारातून आत आले.

"खिडकी?"

"ही."

बराच वेळ ते तिच्यातून बाहेर पाहत राहिले. वारा आला आणि क्षणभर आभाळाच्या कडा भिंतींसारख्या उभ्या राहिल्या.

"साहेब, मग काय लिहिताय?" लेकाला धीर निघेना.

"उघडी गच्ची, बांधकाम नाही. जुनीच आकारणी कायम." मग ते माझ्याकडे वळले. "खोली सुरेख आहे, आजी. पण हिच्यावर कर लावायची आमच्याकडे सोय नाही."

साहेब गेले. लेकाने सुटकेचा निःश्वास टाकला. "चल आई, खाली."

"तू हो पुढे. मला इथे बोलावणं आहे."

मी खिडकीशी बसले. ऊन सरकत पायांपाशी आले. त्यानंतर मी रोज संध्याकाळी वर जात राहिले, वर्षानुवर्षे. यजमानांनी मारलेल्या एकाही हाकेची थकबाकी आता माझ्याकडे नाही.