खारीचा पाळणा आणि लपवलेलं दुखणं

मित्रांनो, मी खारी गावातला एक जुना सागवानी पाळणा आहे. बाळाराम आणि पुष्पलता यांची सगळी पोरं माझ्यात निजली. मिठागरं गेली, भातशेतीवर इमारती आल्या. पण लेकीला दिवस गेले की माझ्यात नारळ ठेवून मला तिच्या सासरी धाडायची रीत मोडली नाही. मी काय ऐटीत जायचो!

पुष्पलताच्या सुनेचा, हेमालीचा यतीन मात्र माझ्यात असतानाच पांढराफटक पडला. थॅलेसेमिया निघाला, सारखं रक्त चढवणं आलं. डॉक्टरांनी हेमालीला बजावलं, की आई आणि बाप दोघांच्याही रक्तात याचा अंश असला तर बाळाला हा आजार होऊ शकतो. नात्यातल्यांना सांगा, रक्त तपासा, बाळ पोटात असतानाही तपासता येतं. पण नेमकं तेव्हाच पुष्पलताच्या लेकीचं, ममताचं लग्न ठरत होतं. पुष्पलताने सुनेला दम भरला, "कोनाला सांगू नको. पोरीचा लगीन मोडंल." यतीनला अशक्तपणा आहे, एवढंच नातेवाइकांना कळलं.

ममता जवळच्याच इंद्रलोक वस्तीत नांदायला गेली. तिला दिवस गेले तसा मीही टेम्पोतून गेलो. नारळ ठेवला, ओटी भरली, आजाराचं नाव कुणी काढलं नाही. मी बापडा कड्या कुरकुरवण्यापलीकडे काय करणार!

ममताची संपदाही रांगायच्या आत पांढरी पडली. ममताने हेमालीला एवढंच विचारलं, "वहिनी, तुला माहीत होतं?" हेमाली माझी दोरी धरून रडत राहिली. पुष्पलता नातीला उचलून घ्यायलाही धजेना.

पुढे ममताला पुन्हा दिवस गेले. डॉक्टरांनी पोटातलं बाळ तपासायला सांगितलं, तर तिच्या सासूबाई अडून बसल्या. लोकांना वाटेल मुलगा की मुलगी ते बघायला गेले, आणि देवाने दिलेलं तपासायचं कशाला? पुष्पलता विहिणीपुढे हात जोडून उभी राहिली.

"तुमच्या पोराचा तुम्हाला ठाव नव्हता, इनबाई. माझे घरानचा मला ठाव होता. मी लपवला. ही पोर माझ्यामुलं सुया खाते."

सासूबाईंनी संपदाला कडेवर घेतलं आणि ममताला म्हणाल्या, "जा, जाऊन ये."

निकाल अजून यायचाय. संपदा माझी दोरी ओढते, आणि रिकामा पाळणा हलवू नये म्हणून पुष्पलता तिला आवरते. मित्रांनो, संपदा माझी फार लाडकी आहे, पण तिचा सुयांनी सुजलेला हात मला बघवत नाही. मला न्यायला याल तेव्हा मोठ्यांना घरातल्या आजाराचंही विचारा. आणि मोठ्यांनो, नारळ ठेवाल तेव्हा तेवढं सांगून टाका.