दुसरी बाही

सकाळी मला जाग यायची ती लाज घेऊनच. कुणाची सकाळी कंबर धरते, कुणाचं डोकं जड असतं. माझे कान तापलेले असायचे, चोरी पकडली गेल्यावर तापतात तसे. आणि चोरी कसली, ते काही केल्या आठवायचं नाही. स्वप्न पडलं होतं एवढं कळायचं. डोळे उघडले की स्वप्न पसार, लाज तेवढी उशाशी बसलेली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "स्वप्नात माझ्यावर ओरडली असशील."

"त्याची लाज वाटायची असती तर जागेपणीच वाटली असती," मी म्हटलं आणि चहा ठेवायला उठले.

माझी नणंद वाचनालयात काम करते. दिवसभरात दहा पुस्तकं अर्धी-अर्धी वाचते आणि मग जगाला सल्ले देत सुटते. ती दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे सल्ले आम्हाला ताजे मिळतात. तिने ऐकलं मात्र, दुसऱ्या दिवशी वही आणि पेन्सिल घेऊन हजर.

"वहिनी, हे उशीखाली ठेव. जाग आली की हलायचं नाही. कूस बदललीस की गेलं स्वप्न. डोळे मिटूनच जे शेवटचं आठवतंय ते धरायचं आणि तिथून मागे मागे जायचं. एक शब्द आठवला तर एक शब्द लिही. पण बोलायच्या आधी लिही."

"आणि अर्थ? तो कोण सांगणार, तू?"

"अर्थबिर्थ शोधू नकोस. साप दिसला म्हणजे अमुक, पाणी दिसलं म्हणजे तमुक, सगळ्या थापा. एवढंच विचार स्वतःला, की स्वप्नात जे वाटलं ते जागेपणी कधी वाटलं होतं."

मी हसले. पण वही उशीखाली ठेवली.

पहिले चार दिवस वही कोरीच राहिली. पाचव्या दिवशी मी मढ्यासारखी पडून राहिले, नवरा घाबरून नाकाशी बोट धरून गेला, आणि माझ्या हाती एक शब्द लागला. "खिसा." तेवढाच. पण दुसऱ्या दिवशी त्या खिशाला कोट आला. मग कोटात माणूस आला. आठवड्याने त्या माणसाला तोंड आलं, आणि ते तोंड आमच्या मास्तरांचं होतं.

मी शिंप्याच्या दुकानात कटिंग करते. मास्तर म्हणजे आमचे जुने कटर. मला खडू धरायला त्यांनीच शिकवलं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी काम सोडलं. जाताना स्वतःची कात्री माझ्या हातात ठेवली, आणि त्याच कात्रीने मी आजही कापते. तीन महिन्यांपूर्वी मालकांनी मला मुख्य कटर केलं, खिडकीजवळचं मास्तरांचं टेबल दिलं. स्वप्नं तेव्हापासूनची, पण एवढी साधी बेरीजही मला तोवर सुचली नव्हती.

दोन आठवड्यांनी वहीत अख्खं स्वप्न उतरलं. मास्तर टेबलाशी उभे आहेत. एकेक खिसा चाचपतायत. मला विचारतात, "पोरी, माझं काहीतरी हरवलंय. तू पाहिलंस का?" मी म्हणते, "नाही, मास्तर." ते पुन्हा पहिल्या खिशापासून सुरू करतात. आणि माझी मूठ मिटलेली आहे. मुठीत खडू आहे.

मी पेन्सिल खाली ठेवली. नणंदेचा प्रश्न स्वतःला विचारायची गरजच पडली नाही. हे जागेपणी कधी वाटलं होतं ते मला चांगलं माहीत होतं.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी एका कोटाचं कापड आलं होतं. राखाडी, अगदी मोजकं. कापड पुरेसं असलं की दुहेरी घडी घालतात, मग एकदाच कापलं तरी डावी-उजवी अशा दोन्ही बाह्या निघतात. कमी असलं की एकेरी पसरावं लागतं. मग बाहीच्या मापाचा कापलेला कागद ठेवून एक बाही आखायची, तोच कागद उलटा करायचा आणि दुसरी आखायची. मास्तरांनी एक बाही आखली आणि तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी माप घ्यायला त्यांना बोलावलं. मला कुणी सांगितलं नव्हतं; मास्तरांच्या टेबलावरच्या कापडाला दुसरं कुणी हातच लावत नसे. मला शहाणपणा दाखवायचा होता. मास्तर परत येऊन बघतात तर काम तयार, असं व्हावं म्हणून मी दुसरी बाही आखून टाकली आणि बटणांच्या डब्यांकडे गेले. कागद उलटा करायचा राहिला.

मास्तर आले. त्यांनी दोन्ही बाह्या आखलेल्या पाहिल्या, कात्री उचलली आणि कापल्या.

शिवायला घेतल्यावर कळलं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. आमच्या धंद्यात नवशिके करतात ती चूक, आणि तीही चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या टेबलावर. सगळं दुकान गोळा झालं. मास्तर त्या बाह्यांकडे बघत राहिले. मी बोलायला तोंड उघडलं होतं, अगदी खरं सांगते, उघडलं होतं. पण त्यांनी आधी म्हटलं, "मीच आखल्या. आणि दुसरी आखल्याचं मला आठवतसुद्धा नाही."

मी तोंड मिटलं.

गिऱ्हाईक भला माणूस होता. म्हणाला, बिनबाह्यांचं जाकीट करून द्या. ते छानच झालं. दुकान आठवडाभर हसलं आणि गप्प झालं. मास्तर मात्र हसले नाहीत. महिन्याभरात त्यांनी कात्री ठेवली. डोळे थकले, असं मालकांना सांगितलं. मी स्वतःची समजूत घातली की आज ना उद्या ते थांबणारच होते. त्यांच्या गल्लीतून जाणं मी टाळायला लागले. आणि मग विसरले. निदान मला तसं वाटत होतं.

स्वप्न कळल्यावर मला वाटलं होतं की आता ते थांबेल. थांबलं नाही. उलट आता रोज नीट दिसायला लागलं, मास्तरांच्या सदऱ्याच्या बटणासकट. नणंदेला म्हटलं, तुझी युक्ती नको तेवढी चालली. तिने वही वाचायला मागितली. मी दिली नाही. तिने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा मागितली नाही.

रविवारी दुपारी मी मास्तरांकडे गेले. दार सुनेने उघडलं. आत मास्तर खुर्चीत बसले होते, आधीपेक्षा बारीक, पण दाढी स्वच्छ केलेली. मला पाहून एवढे खूश झाले की परत फिरावंसं वाटलं.

"अगं, तू! बस, बस." मग त्यांनी बाजूची वही ओढली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. मला वाचता आलं. "चार वाजता दुकानातली मुलगी आली."

भिंतीवर, कपाटावर, दिव्याच्या बटणाशी चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. गॅस बंद केला. गोळी घेतली. सुनेला किल्ली दिली.

"माझं डोकं गेलंय, पोरी," ते हसत म्हणाले. "करतो आणि विसरतो. म्हणून लिहून ठेवतो. आठ वर्षं झाली."

"मामंजी काहीसुद्धा विसरत नाहीत," सून स्वयंपाकघरातून म्हणाली. "डॉक्टरांनी दोनदा तपासलं. डोकं ठणठणीत आहे म्हणाले. पण ह्यांना पटलं तर ना!"

"डॉक्टरला काय कळतंय! मी स्वतः आखलेली बाही विसरलो होतो."

घरून निघताना जुळवून आणलेली वाक्यं होती, त्यातलं एकही सापडेना.

"मास्तर," मी म्हटलं, "दुसरी बाही मी आखली होती."

"कुठली?" त्यांनी विचारलं. मग मी काही सांगायच्या आतच ते म्हणाले, "राखाडी कापड. खांदा साडेअठरा. डावा खांदा अर्धा इंच उतरता होता त्याचा. मी एक बाही आखली आणि त्या उंच बाईचं माप घ्यायला बाहेर गेलो. तिच्या हातात छत्री होती. परत आलो तर दोन्ही आखलेल्या." ते थांबले. "दुसरी कशी आखली ते काही आठवत नाही. आठ वर्षं डोकं खाजवतोय."

"आठवणार कशी, मास्तर? तुम्ही आखलीच नव्हती. तुम्ही बाहेर होतात तेव्हा मी आखली. कागद उलटा करायला विसरले. आणि मग बोलले नाही."

भांड्यांचा आवाज थांबला. सून दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, ते ओरडतील. मी त्यासाठीच आले होते बहुतेक. त्यांनी ओरडावं, मी रडावं आणि सुटावं.

मास्तर उठले. त्यांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात वह्या होत्या, एकावर एक, दोन थप्प्या. त्यांनी वरची एक काढली, चार पानं उलटली, परत ठेवली.

"म्हणजे हे सगळं मला आठवत होतं," ते म्हणाले. माझ्याशी नाही, वह्यांशी.

मी "माफ करा" म्हटलं. फार बारीक आवाजात. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. आपण माणसाची कात्री घेतली असं मी समजून चालले होते. मी त्यांच्याकडून काय काय घेतलं होतं ते त्या कपाटात रचून ठेवलेलं होतं. तोंड कुठे लपवावं ते मला कळेना.

ते परत खुर्चीत बसले. आजचं पान उघडून वही माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"लिही."

"मी?"

"तूच. मी लिहिलं तर उद्या वाटेल, स्वप्नात ऐकलं होतं."

मी लिहिलं. "दुसरी बाही मी आखली." त्यांनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि परत माझ्यापुढे धरली.

"तारीख घाल."

मी आजची तारीख घालायला लागले.

"ही नाही," मास्तर म्हणाले. "त्या दिवसाची. मला माहीत आहे. पण तू घाल."

विसरले होते ना मी? पेन्सिल जरासुद्धा अडली नाही. वार, तारीख, महिना, साल, सगळं एका दमात उतरलं.